वॉकमनमधले दादा

रतन ओव्हाळांच्या घरात पेन्सिल सेल मरत नसत. ते थकत, मलूल होत, पण मरायची त्यांना परवानगी नव्हती. वॉकमनमध्ये राबून सेल दमले, की रतनराव ते काढून गच्चीत उन्हाला ठेवत आणि संध्याकाळी पुन्हा कामाला जुंपत. उन्हाळ्यात हिराबाईंच्या कुरडया गच्चीवर जुन्या साडीवर वाळत पडत, तेव्हा त्याच साडीच्या एका कोपऱ्यात सेलही वाळत असत.

"अहो, एखाद्या दिवशी कुरडईबरोबर सेल तळला जाईल," हिराबाई म्हणत.

"तळू नकोस. नुसता परतून घे. अजून आठवडाभर चालेल," रतनराव म्हणत.

वॉकमन त्यांनी घेतला होता ब्याण्णव साली. देशानं नुकती दारं उघडली होती आणि कॅम्पातल्या दुकानांच्या काचांमागे रोज काहीतरी नवं येऊन बसत होतं. तेव्हा तो काळा आणि चकचकीत होता. आता त्याचा रंग कोणता, यावर चारचौघांत मतभेद झाले असते. झाकणाची खिटी तुटल्यामुळे त्याला मेथीच्या जुडीचं रबर लावलेलं होतं. हेडफोनच्या उजव्या कानातून काहीच ऐकू येत नसे. बटण दाबल्यावर अंगठा थोडा वेळ तसाच ठेवावा लागे, लहान मूल नुकतं झोपल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवतो तसा.

या वॉकमनमध्ये एकच कॅसेट वाजे. तीत रतनरावांच्या वडिलांचा, म्हणजे तुळशीरामदादांचा आवाज होता. दादा खडकीच्या कारखान्यात कामाला आणि भीमजयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत. गाणी स्वतः रचायचे, स्वतः गायचे. एका जयंतीला कुणीतरी टेपरेकॉर्डरवर त्यांचं एक गाणं उतरवून घेतलं होतं. दादा गेल्यावर ती कॅसेट पत्र्याच्या पेटीत सापडली आणि ती ऐकायची म्हणून रतनरावांनी वॉकमन घेतला. छप्पन साली नागपूरला दीक्षेला जाताना दादांनी रचलेलं ते गाणं होतं:

चल गं वेणू, उचल पाय,
गाडी काही थांबत न्हाय,
नागपूरला नवी पहाट,
आपली वाट बघती हाय!

वेणू म्हणजे रतनरावांची आई, वेणूबाई. हे गाणं दादांनी असं काही गायलं होतं की रतनरावांना दर वेळी भरून येई. खर्जातला भारदस्त आवाज. संथ लय. एकेक शब्द खोल विहिरीतून पोहरा वर यावा तसा वर येई. "दादा प्रत्येक शब्दावर थांबतात," रतनराव ऑफिसात सांगत, "कारण प्रत्येक शब्द ते जगलेत. ते चालणं साधं नाही. शतकांचं ओझं आहे पायांत." पुढं एक कडवं होतं:

बोचकं बांधती, सोडती फिरून,
भाकर तव्यावर चालली करपून!

"भाकरी करपतेय, तरी मागे वळून पाहत नाहीत. केवढा त्याग!" रतनराव म्हणत. आणि त्या कडव्याच्या आधी एक जागा होती. तिथं दादा थांबत आणि मागून एक दबलेला, लांबलचक हुंदका ऐकू येई. त्या हुंदक्याला रतनरावांचे डोळे रोज ओले होत. वॉकमन आणला तेव्हा त्यांनी हेडफोन मोठ्या उत्साहानं आईच्या कानांना लावला होता. पहिल्याच ओळीला आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रतनरावांनी घाईघाईनं हेडफोन काढून घेतला आणि ठरवलं, की या माउलीला हे दुःख पुन्हा द्यायचं नाही. तेव्हापासून दादांना ते एकटेच ऐकत आले होते.

दादांचे त्यांच्यावर उपकारही थोडेथोडके नव्हते. सरकारी कचेरीत रतनराव हेडक्लार्क होते आणि त्यांच्या शब्दाला तिथं वजन होतं. कुणी तावातावानं येऊन टेबलावर फाइल आपटली, की रतनराव खालच्या पट्टीत, शब्द सुटे सुटे करून म्हणत, "बसा. पाणी घ्या. मग बोलू." एवढं म्हणून होईपर्यंत समोरच्याचा राग निम्मा उतरलेला असे. हे आपल्याला दादांनी शिकवलं, असं ते कृतज्ञतेनं सांगत. रोज सकाळी विश्रांतवाडीच्या मैदानाला वॉकमन लावून फेऱ्या मारायच्या आणि दादांचा तो शांतपणा दिवसभराच्या शिदोरीसारखा बरोबर न्यायचा, हा त्यांचा नेम होता.

त्यांची मुलगी निकिता नुकतीच हिंजवडीच्या एका कंपनीत लागली होती. पहिल्या पगारात तिनं पप्पांसाठी काडेपेटीएवढा पांढरा म्युझिक प्लेअर आणला. रतनरावांचे डोळे भरून आले. त्यांनी प्लेअर दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट करून पाहिला, "फार छान आहे, बाळा," म्हणाले आणि परत डबीत घालून कपाटात साडीच्या घडीखाली ठेवून दिला.

"पप्पा, वापरा ना! यात हजार गाणी मावतात."

"मला एकच लागतं."

"तो वॉकमन डायनोसॉर झालाय. सीरियसली, त्याला रिटायर करा."

"मी रिटायर होईन तेव्हा दोघं बरोबरच होऊ," रतनराव म्हणाले आणि रबर नीट करून फिरायला गेले.

इथवर सगळं ठीक होतं. गडबड झाली ती बुद्धभूषण रोकडेमुळे. हा बँकेत नोकरी करणारा उत्साही तरुण. वस्तीतल्या विहारात त्यानं चार पोरं जमवून ऑर्केस्ट्रा काढला होता आणि स्वतः तो कीबोर्ड वाजवी. एका संध्याकाळी तो घरी आला.

"काका, यंदा बुद्धपौर्णिमेला तुळशीरामदादांचं गाणं झालं पाहिजे. जुनी माणसं अजून नाव काढतात. आणि ते तुम्हीच गायचं."

"मी? अरे, मी आयुष्यात कधी माईक हातात धरलेला नाही."

"तुमच्यापेक्षा जास्त ते गाणं कुणी ऐकलंय का?"

रतनरावांनी होकार दिला. तो देताना त्यांचा आवाज इतका गंभीर झाला, की बुद्धभूषणनं नकळत हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर रियाज सुरू झाला. डाव्या कानात दादा आणि तोंडानं रतनराव. "चऽऽल... गंऽऽ... वेऽऽणू..." ज्यांच्या कानाला वॉकमन नव्हता त्यांना दिसे ते एवढंच, की हेडक्लार्क ओव्हाळ डोळे अर्धे मिटून, पाय ओढत चाललेत, खर्जात कण्हत आहेत आणि मधेच थांबून हुंदका देताहेत. हुंदकासुद्धा ते मेहनतीनं बसवत होते. मनासारखा नाही आला तर पुन्हा देत.

तिसऱ्या दिवशी फिरायला येणाऱ्या मंडळींनी आपसात चौकशी केली. ओव्हाळांच्या घरी कोण आजारी होतं? कुणीतरी म्हणालं, म्हातारी आई आहे ना घरात. कुणीतरी म्हणालं, तो सारखं वेणू वेणू म्हणतोय, आईचंच नाव ते. झालं. रविवारी सकाळी पाच-सहा माणसं पडलेल्या चेहऱ्यांनी दारात उभी. दार उघडलं वेणूबाईंनी.

"काय झालं वो?" त्यांनी विचारलं.

मंडळी गडबडली. एकजण धीर करून म्हणाला, "काही नाही आजी. तुम्हाला बघायला आलो."

"बघा की. चहा ठेवू का?"

समोरच्या फ्लॅटमध्ये गोपाळकृष्ण लिमये राहत. पेठेतली जागा सोडून मुलाच्या आग्रहाखातर ते इकडं राहायला आले होते आणि पेठेतला कोरडेपणा मात्र न विसरता बरोबर आणला होता. जाणाऱ्या मंडळींना त्यांनी जिन्यात गाठलं आणि मग रतनरावांच्या दाराशी येऊन विचारलं, "ओव्हाळ, आपण रियाज करता असं कळलं. कार्यक्रमाला यायचं म्हणजे पांढरे कपडे घालून यायचं का?"

रतनरावांनी मनावर घेतलं नाही. दादांना ऐकणारा माणूस असल्या बोलण्यानं चिडत नसतो.

मग ऑर्केस्ट्राला चाल बसवायची म्हणून बुद्धभूषणनं कॅसेट मागितली. रतनरावांनी साफ नकार दिला. शेवटी निकिता मधे पडली. ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडं चांगलं मशीन आहे, त्यावरून गाणं कंप्युटरवर घेते, फाइल बुद्धभूषणला देते आणि संध्याकाळी कॅसेट परत आणते, असं तिनं कबूल केलं. रतनरावांनी कॅसेट रुमालात गुंडाळून दिली. तो दिवस त्यांनी दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा काढला. कॅसेट सुखरूप परत आली.

"पप्पा, एकदा कंप्युटरवर ऐका ना. सॉलिड क्लिअर आलंय. मस्तच आहेत आजोबा!"

"मी ऐकलंय," रतनराव म्हणाले. वडिलांच्या गाण्याला 'मस्त' म्हणणं त्यांना जरा उथळ वाटलं. पण नवी पिढी, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

पौर्णिमा चार दिवसांवर आली आणि विहाराच्या हॉलमध्ये पहिली तालीम ठरली. रतनराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. बुद्धभूषणनं मान डोलावली, ढोलकीवर थाप पडली आणि ऑर्केस्ट्रा असा उधळला, की रतनराव दचकून अर्धं पाऊल मागे सरले.

"चऽऽल..." त्यांनी सुरुवात केली.

ते 'गंऽऽ'वर पोचले तेव्हा ऑर्केस्ट्राची गाडी नागपूरला पोचली होती. ते 'वेणू' म्हणाले तेव्हा भाकरी करपली. ते 'उचल पाय' म्हणेपर्यंत गाणं संपून वादकांनी घाम पुसला होता. मग त्या शांततेत रतनरावांनी न चुकता आपला हुंदका दिला.

ढोलकीवाल्या पोरानं विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

"हे काय वाजवताय तुम्ही?" रतनराव म्हणाले. त्यांच्या आवाजात दादांचा शांतपणा होता, पण खालून तो हलायला लागला होता. "ही काय वरातीची चाल आहे?"

"काका, फाइलमध्ये हेच आहे. ऐका." बुद्धभूषणनं बटण दाबलं.

स्पीकरमधून एक किनरा, फटाक्यांच्या लडीसारखा तडतडणारा आवाज बाहेर पडला. शब्द तेच. पण ते एकमेकांच्या पाठीवर चढत, हसत, धावत सुटले होते. तो माणूस घाईत होता, खुशीत होता आणि कुणाची तरी थट्टा करत होता. रतनराव पांढरेफटक पडले.

"हे माझे दादा नाहीत," ते म्हणाले. आणि घरी येऊन निकितापुढं उभे राहिले. "काय केलंस तू? तुझ्या त्या कंप्युटरनं माझ्या बापाची चिमणी करून टाकली!"

आपल्या नवऱ्याचा आवाज चढलेला हिराबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. त्या पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या.

"पप्पा, मी काहीच एडिट केलेलं नाही. शप्पथ. वॉकमनच स्लो आहे तुमचा!"

"वॉकमन तेरा वर्षं माझ्याजवळ आहे. तुझा कंप्युटर कालचा. खोटं कोण बोलणार?"

"पप्पा, मशीन खोटं बोलत नाही!"

"तेच सांगतोय मी," रतनराव वॉकमन उंच धरून म्हणाले.

आता हे खरं-खोटं ठरवायचं कसं? खरे दादा कोणते, ते ठरल्याशिवाय रतनराव माईक हातात घेणार नव्हते. आणि पत्रिकेवर तर त्यांचं नाव छापून झालं होतं. निकितानंच तोडगा काढला. लिमयेकाकांकडं जुना डेक होता. ते रोज सकाळी त्यावर शास्त्रीय गाणं लावत आणि वर्षाला एकदा तो तपासून घेत. त्या डेकला कंप्युटरही म्हणता येत नव्हतं आणि निकिताशी त्याचं काही नातंही नव्हतं. बाप-लेक कॅसेट घेऊन समोरच्या दारात गेले.

"या," लिमये म्हणाले. "चपला बाहेर काढा. डेकला धूळ चालत नाही, आणि मलाही."

सगळी हकीकत ऐकून त्यांनी कॅसेट उजेडात धरून पाहिली, कापसानं कुठं कुठं पुसलं आणि डेक लावला. पुन्हा तोच किनरा, खुशालचेंडू आवाज खोलीभर नाचू लागला. लिमयांनी डेक थांबवला.

"यंत्रं दोन, निकाल एक. आपलं तिसरं यंत्र अल्पमतात आहे, ओव्हाळ."

"तुमचाही डेक बिघडला असेल."

लिमये ताठ झाले. "माझ्या रक्तदाबाबद्दल काहीही बोला. डेकबद्दल नको." मग त्यांनी हात पुढं केला. "तो वॉकमन द्या."

त्यांनी घरातले नवे सेल वॉकमनमध्ये घातले, डाव्या कानाला हेडफोन लावला आणि डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ त्यांनी ऐकलं. मग हेडफोन काढून हळूच ठेवला. या वेळी त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा नव्हता.

"यात आत एक रबरी पट्टा असतो, रतनराव. तो वर्षागणिक सैल पडत जातो. एकदम नाही, केसभर. रोज आरशात बघणाऱ्याला आपण म्हातारे झालेलो कळतं का? त्यात आपण सेल उन्हात वाळवून घालता. गाणं हळूहळू खाली उतरत गेलं आणि आपण त्याच्याबरोबर उतरत गेलात."

रतनराव खुर्चीत बसले. दादांचा खरा आवाज आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. लहानपणी ऐकलेला, घरात हाका मारणारा. आठवेना. त्या जागी वॉकमनमधला आवाज कधी येऊन बसला, त्यांना कळलंच नव्हतं.

"परत लावा," ते म्हणाले. "पूर्ण लावा."

लिमयांनी कॅसेट मागे घेतली, डेक पुन्हा लावला आणि आवाज जरा मोठा केला. पहिलं कडवं झालं. आणि जिथं तो हुंदका यायचा, तिथं डेकमधून एका बाईचा खणखणीत, हसरा आवाज आला, "आले, आले!"

त्याच क्षणी, तसाच आवाज दारातूनही आला, "आले, आले!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात वेणूबाई उभ्या होत्या. एका हातात अर्धा सोललेला लसूण आणि दुसरा हात चौकटीला. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं होतं, ते रतनरावांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आमच्या ह्यांचं गाणं कुणी लावलंय?" त्या म्हणाल्या.

"आई, मधे ओरडली ती तू?"

"मग कोण? ते म्हणायचे, चल गं वेणू, आन् मी बायांत बसून वराडायची, आले आले! समदी हसायची. दर जयंतीला ह्यो खेळ चालायचा."

"मला वाटलं, दादांचा हुंदका आहे."

"हुंदका? त्यांना?" वेणूबाई आत येऊन लिमयांच्या सोफ्यावर बसल्या. लसणाची सालं त्यांनी पदरात धरली होती, म्हणून लिमये काही बोलले नाहीत. "आरं, आम्ही नागपूरला निघालो तवा माझं आवरंना. बोचकं बांधलं की काहीतरी ऱ्हायलेलं सापडायचं. टेशनात गाडी उभी, आन् हे फलाटावर नाचत्यात, चल गं, चल गं. डब्यात बसल्या बसल्या माझी टिंगल करायला गाणं रचलं. नागपूर येईस्तवर समद्या डब्याचं पाठ."

"आणि ती भाकरी? तो त्याग?"

"त्याग कसला? माझ्या ध्यानातनंच गेली. धूर झाल्यावर शेजारनीनं हाक मारली."

निकिता तोंडावर हात दाबून खिडकीशी गेली. लिमये भिंतीवरच्या कॅलेंडरकडं एकाग्रतेनं पाहू लागले.

रतनराव मात्र हसत नव्हते. "आई," ते म्हणाले, "वॉकमन आणला तेव्हा तुला कॅसेट ऐकवली होती. तू रडलीस. म्हणून मी पुन्हा कधी..."

"रडले? आरं, त्या पत्र्याच्या पट्टीत माझी बुगडी अडकली व्हती! असा कान ओढला म्हणतोस, डोळ्यांतनं पाणीच आलं. काय वाजतंय ते कळायच्या आत तू काढून घेतलंस, ते परत दिलंच न्हाईस. मला वाटलं, हाफिसातलं काहीतरी असंल. उगा कशाला विचारा."

आईच्या नवऱ्याचा आवाज आपण इतकी वर्षं खिशात घालून एकट्यानं फिरवला, हे रतनरावांच्या आत आत उतरत गेलं. त्यांना फार वाईट वाटलं. ते तिच्या पायाशी जाऊन बसले. वेणूबाईंनी लसणाचा वास असलेला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि वॉकमनकडं बोट केलं.

"त्यात काय वाजतंय? दे बघू."

पट्टी डोक्याला न लावता त्यांनी हेडफोनचा डावा स्पंज बुगडीच्या खाली कानाशी धरला. अंगठा रतनरावांनी ठेवला. वेणूबाईंनी अख्खं गाणं ऐकलं.

"हे कोण गातंय?"

"दादाच. पट्टा सैल पडलाय, म्हणून आवाज असा येतो."

"दादा कुठले? ह्यो तर तुझा आवाज."

"माझा?"

"हाफिसातनं आल्यावर बोलतोस की असाच. बसा. पाणी घ्या." त्यांनी पुन्हा स्पंज कानाशी नेला आणि थोडा वेळ ऐकून मान डोलावली. "पण मानूस चांगला वाटतो. समजूतदार. आमचे हे असे असते, तर माझा संसार जरा शांततेत झाला असता."

यावर लिमये, जे घरात सहसा हसत नसत, ते हसले.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारासमोरचं अंगण भरून गेलं होतं. वंदना झाली, खीर वाटून झाली आणि रतनरावांचं नाव पुकारलं गेलं. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत वेणूबाई, शेजारी हिराबाई आणि निकिता, आणि टोकाला लिमये. कोणत्या लयीत गायचं, ते रतनरावांनी बुद्धभूषणशी बोलून ठरवलं होतं. खऱ्या. चार दिवस त्यांनी घरात दार लावून जीभ पळवायचा सराव केला होता. पण माईक हातात आला, शेकडो तोंडं समोर दिसली आणि कानाला सवय होती तेच तोंडातून बाहेर पडलं.

"चऽऽल... गंऽऽ... वेऽऽणू..."

ढोलकी अडखळली. कीबोर्ड वाट पाहू लागला. मागच्या बाजूला दोन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावले. रतनरावांना कळत होतं की चुकतंय, पण गाडी काही रुळावर येईना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून माईकशिवायही सगळ्यांना ऐकू गेलेला आवाज आला.

"आरं, एवढ्या वेळात गाडी नागपूरला जाऊन परत आली असती!"

सगळं अंगण हसलं. रतनरावांनी आईकडं पाहिलं आणि तेही हसले. माईकमध्ये, मोठ्यांदा, ओव्हाळ हेडक्लार्कला न शोभेल असं. हसताना त्यांचा आवाज आपोआप वर चढला. बुद्धभूषणनं खूण केली. ढोलकी सुटली आणि रतनराव तिच्यामागं धावले. कुठं शब्द गिळले, कुठं दम लागला. ऑर्केस्ट्रानं त्यांच्यासाठी जरा पाय हळू केला, त्यांनी ऑर्केस्ट्रासाठी जरा उचलला, आणि मधे कुठंतरी दोघांची गाठ पडली. कडव्याआधीची जागा आली. वेणूबाई उभ्याच राहिल्या. "आले, आले!" त्या ओरडल्या, आणि मागच्या जुन्या बायकांनीही ओरडून साथ दिली. गाणं संपल्यावर रतनरावांनी हात जोडले, पण कुणाला, ते त्यांनाच सांगता आलं नसतं. त्यांना नुसतं वाटत होतं की आपल्यावर फार जणांचे उपकार आहेत, आणि त्या यादीत कुठंतरी एक सैल पडलेला रबरी पट्टाही आहे.

दुसऱ्या दिवशी निकितानं कपाटातून साडीच्या घडीखालचा पांढरा प्लेअर काढला आणि त्यात आजोबांचं गाणं भरून आजीच्या हातात दिला. त्याची बोंडं नुसती कानात घालायची होती. पट्टी नव्हती आणि बुगडीला धोका नव्हता. वेणूबाई आता रोज सकाळी तो लावून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी लसूण सोलत बसतात, आणि मधेच कुणी हाक मारलेली नसताना "आले, आले!" म्हणून ओरडतात. हिराबाईंना त्याची सवय झाली आहे. दूधवाल्याला अजून नाही.

त्याच सकाळी रतनराव नेहमीसारखे बूट घालून निघाले. गच्चीतून आणलेले सेल त्यांनी वॉकमनमध्ये घातले आणि वरून रबर चढवलं.

"पप्पा, द्या ना," निकिता म्हणाली. "नवा पट्टा बसवून आणते. अगदी फर्स्ट क्लास चालेल."

"हात लावायचा नाही त्याला," रतनराव म्हणाले. खालच्या पट्टीत. शब्द सुटे सुटे करून.

वेणूबाईंनी एका कानातलं बोंड काढलं. "आता खरं गाणं गावलंय की. मग ते डबडं कशाला घेऊन जातोस?"

"त्यात तुझा नवरा आहे, आई," रतनराव पांढऱ्या प्लेअरकडं बोट दाखवून म्हणाले. मग त्यांनी वॉकमन खिशात ठेवून वरून हात दाबला. "माझे दादा यात आहेत."

वेणूबाईंनी मुलाकडं क्षणभर पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "जा, फिरवून आण त्यांना. घाई करू नगंस. सावकाश चालनारं मानूस हाय ते."